चौपाटी चुकवून पाहिलेली मुंबई

मुंबईला चांगले चार दिवस राहून चौपाटी, हँगिंग गार्डन आणि मत्स्यालय यांपैकी एकही न पाहता परत आलेली दोन माणसं आमच्या दिवेआगरात आहेत. एक मी आणि दुसरी माझी भागीआत्या. परतल्यावर आत्या पाणवठ्यावर ट्रामच्या, टेलिफोनच्या आणि सुपारीबाजाराच्या गोष्टी सांगू लागली, तेव्हा गावात माझी कीर्ती झाली. दामूने आत्याला काय निराळी मुंबई दाखवली, असं लोक म्हणू लागले. शाळेच्या गुरुजींनी तर हे सगळं लिहून काढ, म्हणजे जाणाऱ्यांना उपयोग होईल, असा लकडाच लावला. म्हणून लिहायला बसलो आहे.

पण ती निराळी मुंबई मी हौसेने निवडली नव्हती. मला शहराची एक बाजूच चुकवायची होती. चौपाटीवर उभं राहिलं की समोर वाळकेश्वराचं टोक दिसतं. वाळकेश्वर दिसलं की आत्या बाणगंगेचं नाव काढणार, आणि बाणगंगेच्या पायऱ्यांवर तिची जी मैत्रीण बसत होती, ती तिथे नव्हती. हे मला ठाऊक होतं, आत्याला नव्हतं.

ज्यांनी आमची वाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माडा-पोफळीच्या आमच्या वाडीचं कुंपण संपलं की सुरूची झाडं आणि लगेच समुद्र. विहिरीचं पाणी गोडं आहे तोवर वाडी. एका उन्हाळ्यात ते मचूळ झालं, पोफळीची पानं टोकाला करपू लागली, आणि बैलानेही पाण्यात तोंड घालून मागे घेतलं. मुंबईत समुद्राच्या अगदी अंगाला लागून गोड्या पाण्याचं तळं आहे, हे आत्याने कुठेतरी ऐकलं होतं. ती नवस बोलली, विहीर गोडी झाली तर दरवर्षी वाडीचा एक नारळ बाणगंगेला. पावसाळ्यानंतर पाणी सुधारलं. तेव्हापासून मी सुपारीची पोती घेऊन मुंबईला निघालो की पिशवीत आत्याचा नारळ असतो. तो मी दरवर्षी नेऊन दिला, त्यात खोट नाही.

पहिल्या वर्षी पायऱ्यांवर फुलं विकणारी एक बाई होती. मी एका शब्दात उत्तरं देणारा माणूस, पण तिने माझ्याकडून विहीर, नवस, आत्या, सगळं काढून घेतलं. नारळ हातात तोलून म्हणाली, "आत्याला सांग, पोचला म्हणून. आणि पुढल्या खेपेला पाणी कसं आहे ते कळव." मी तसं सांगितलं. आत्या इतकी हरखली की पुढल्या वर्षी नारळाबरोबर आमसुलांचं एक मातीचं बुडकुलं दिलं, गळ्याला काथ्याची दोरी बांधून. "तिला दे. म्हनावं, पानी साखरेसारखं हाय."

मी गेलो तर ती जागा रिकामी. शेजारच्या फुलवाल्याने मान न उचलता सांगितलं, "ती गेली. पावसाळ्यातच."

बुडकुलं हातात तसंच घेऊन मी गिरगावातल्या माझ्या नेहमीच्या खानावळीत आलो आणि तिथे ठेवून दिलं. घरी पोचलो तेव्हा आत्या विहिरीवर उभी होती. ओले हात पदराला पुसत म्हणाली, "भेटली का? काय म्हनाली?"

कुणी गेल्याचं सांगायचं तर चार वाक्यं लागतात. मला एकच शब्द सुचला. "भेटली." पुढे आत्या वाट बघत होती म्हणून म्हणालो, "आमसूल झकास आहे म्हणाली."

तिथून पुढे दरवर्षी एक बुडकुलं जात राहिलं आणि दरवर्षी एक निरोप येत राहिला. नाव विचारलं तेव्हा मी 'सुंदराबाई' म्हणून दिलं ठोकून. निरोप हळूहळू लांबत गेले. त्यांच्याबद्दल पुढे सांगेन. यंदाच्या पौषात आत्या म्हणाली, "दामू, ह्या खेपेला मी येते. सुंदराबाईला एकदा डोळ्यानं बघते, मग डोळं मिटलं तरी चालंल."

दिघीहून धक्क्यावर

बोर्लीवरून बैलगाडीने दिघी गाठली. आगबोट बंदरापासून दूर उभी राहते, तिथवर पडावातून जावं लागतं. खलाशाने आत्याला हात दिला, पण तिचे दोन्ही हात बोचक्याला. आत नारळ आणि सुंदराबाईचं बुडकुलं. "तुजा हात ऱ्हाऊ दे बाबा, हे धर," म्हणत तिने बोचकं आधी चढवलं, मग स्वतः चढली. बोटीवर सगळ्यांना मळमळत होतं. आत्या मात्र डेकवर मांडी घालून बसली आणि ओळख ना पाळख अशा बायकांना लिंबाच्या फोडी वाटू लागली. प्रत्येकीला सांगत होती, "माजी एक मैतरीन हाय मुंबईत." मी कठड्याशी जाऊन पाण्याकडे बघत उभा राहिलो. लोकांना वाटलं मलाही बोट लागली.

भाऊच्या धक्क्यावर उतरताना बोचक्याची गाठ सुटली आणि नारळ उतारावरून गडगडत निघाला. खाली टोपल्या मांडून बसलेल्या एका कोळणीने तो पायाने अडवला.

"ए म्हातारे, तुजा नारल पलून चाललाय."

"पाय लावलास? देवाचा हाय तो!"

"मंग दर्यात जाऊ द्याचा व्हता का? तुजा देव पोहत गेला असता त्याच्यामागं?"

आत्या कंबरेवर हात देऊन उभी राहिली. आता भांडण जुंपणार असं मला वाटलं. पण ती एकदम हसायला लागली, कोळीण हसली, आणि मी हमाल बघून येईपर्यंत दोघी बोंबील किती उन्हात वाळवावे यावर बोलत होत्या. निघताना आत्याच्या बोचक्यात कागदात बांधलेले बोंबील आले होते. परक्या शहरात पाय ठेवताच आत्याला ओळख मिळाली. मी इतकी वर्षं त्याच धक्क्यावर उतरतो, मला एकही माणूस नावाने ठाऊक नाही.

मशीद बंदरचा टेलिफोन

आम्ही लालबागला माझ्या मावसभावाच्या खोलीत उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नारळ घेऊन तयार. मी म्हणालो, "आधी सुपारीचं काम. शेठ थांबलेत." ते अर्धं खरं होतं.

मुंबईस जाणाऱ्या वाडीवाल्यांनी सुपारीबाजार जरूर पाहावा. आपण पोतं शिवून दिलं की आपल्यापुरती सुपारी संपते. तिथे ती सुरू होते. गल्लीत शिरलं की आधी वास येतो, सुका, तुरट, थोडासा आपल्या माळ्याचा. ओळीने बसलेली माणसं सुपाऱ्या लहान-मोठ्या निवडतात, कुणी अडकित्त्याने कातरून आतला रंग गिऱ्हाइकाला दाखवतं. आत्याने एका पोत्यात हात घातला आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "ही आमची. मी वाळवलीय."

"सगळे असंच म्हणतात, आजी."

"मग सगळ्यांचीच असंल. नीट कातर."

आमचे शेठ मोठे प्रेमळ गुजराती गृहस्थ. "दामूभाय, माजीला वर गादीवर बसव ने. चाय मागवतो." एवढ्यात टेलिफोन वाजला. आत्या दचकली, मग पुढे सरकली. शेठ बोलून झाल्यावर म्हणाले, "माजी, तुमी पण बोला. वखारीतला माणूस आहे." आणि त्यांनी ते यंत्र तिच्या कानाला लावलं.

आत्याने दोन्ही हातांनी धरलं. "कोन रे तू?... बरं. जेवलास का?"

पलीकडे काय उत्तर आलं कोण जाणे. आत्याचा चेहरा पडला. "अजून न्हाय? दोन वाजत आलं. ते काम काय पळून जातंय का? आधी जेव." शेठ पोट धरून हसत होते. थोड्या वेळाने त्याच माणसाचा परत टेलिफोन आला, हिशेबाचं काही विचारायला, आणि शेवटी म्हणाला, आजीला सांगा, जेवलो.

आत्या दिवसभर त्या माणसावर खूश. रस्त्याने जाताना म्हणाली, "दिसला न्हाय, पर ऐकलं त्यानं माजं. सुंदराबाईचं तसंच. कधी बघितली न्हाय, पर माजं ऐकती."

मी म्हणालो, "गाडी येते आहे, बाजूला हो." गाडी बरीच लांब होती.

ट्रामची टोकं

तिसऱ्या दिवशी मी तिला ट्राममध्ये घातलं. बोरीबंदरहून दुमजली ट्राम धरावी, वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा घ्यावी आणि दादरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत कुठेही न उतरता जावं. यापरती मजा मुंबईत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांशी आपण समोरासमोर येतो. एका खिडकीत एक बाई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली आणि आत्याने हात हलवला. बाईनेही सूप हलवलं. एका गॅलरीत म्हातारा दाढी करत होता. आत्या ओरडली, "डाव्या बाजूला ऱ्हायली!" ट्राम पुढे गेली, पण त्याचा हात डाव्या गालाकडे गेलेला आम्ही पाहिला.

दादरला सगळे उतरले, आम्ही बसून. कंडक्टर वर आला. "आजोबा झोपले का? शेवट आला."

आजोबा म्हणजे मी. आत्या म्हणाली, "आम्हाला कुठं जायाचंच न्हाय. परत घेऊन चल."

ट्राम वळत नाही. ड्रायव्हर आपला दांडा काढून घेऊन मागच्या टोकाला जातो, तिथे बसवतो, आणि मागचं टोक पुढचं होतं. आत्या वाकून हे सगळं पाहत होती. "आपल्या बैलाला हे शिकवाया पायजे," ती म्हणाली. "उलटा फिर म्हटलं की लाथ मारतो." मग बोचकं चाचपत, "दामू, माजा नारळ सुकला रे बोचक्यात. उद्या तरी जायाचं का?"

"उद्या नक्की," मी म्हणालो. उद्या काय सांगायचं याचा विचार करत परत बोरीबंदरला उतरलो. ती म्हातारी झाली, देवळात गेली, लेकीकडे नाशकाला गेली. तीन-चार उत्तरं तयार होती.

तेवढ्यात मागून हाक आली. "ओ दिवेआगर!"

आमच्या खानावळीत माणसांना नावं नाहीत, गावं आहेत. मालवणकडच्या मंजुळाबाई ती चालवतात. मी इतकी वर्षं जेवतो, पण माझं नाव दामोदर आहे हे त्यांना ठाऊक नसावं. हातात भाजीची पिशवी घेऊन त्या समोर उभ्या होत्या. यंदा मी मुद्दाम तिकडे फिरकलो नव्हतो.

"यंदा तोंड लपवन खय फिरतास? आणि ही कोण? आत्ये? चला, जेवक चला. नाय म्हणाचा नाय."

मी पुष्कळ नाही म्हणालो. आत्या तोवर त्यांच्या बरोबरीने चालू लागली होती.

खानावळ

भात, सुरमईचं कालवण, आणि वाटीत सोलकढी. मंजुळाबाई वाढत उभ्या. आत्याने वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. परत उचलली, परत ठेवली.

"काय गो आत्ये, बरी नाय?"

आमच्याकडे आमसुलं वाळायच्या वेळीच पाऊस गाठतो. मग आत्या ती चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवते आणि खाली नारळाच्या सोडणांचा जाळ करते. तो धूर आमसुलाला लागतो. दिवेआगरातही कुणाला हे आवडत नाही, तिच्याखेरीज.

"धुराची हाय," आत्या म्हणाली.

"ती तुमच्या भाच्याची आमसुला. दरवर्सा आणून दिता. म्हणता, घरात कोण खाणारा नाय. बुडकुला ठेवता आणि गप बसता. बोलता खय तो!" मंजुळाबाईंनी हात वर केला. चुलीच्या वर फळीवर काळ्या मातीची बुडकुली ओळीने मांडलेली होती. कशात मीठ होतं, कशात चिंच, कशात मेथी. गळ्याला काथ्याच्या दोऱ्या, आत्याच्या दुहेरी गाठीच्या. माणूस एवढं नीट कुणाचं काही ठेवत नाही.

आत्याने सगळी फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. वाटी पुरी प्यायली. मंजुळाबाईंना म्हणाली, "कडी चांगली केलीस. नारळाचं दूध दाट हाय." बोचकं सोडून यंदाचं बुडकुलं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या बानगंगा."

बाणगंगा

सकाळी गेलो. समुद्र शेजारीच आहे, पण घरांआड दिसत नाही, नुसता ऐकू येतो. खाली उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या आणि मध्ये हिरवं, निवांत पाणी. आत्याने आधी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. "गोडं," ती म्हणाली. मग पायरीवर बसली. "आता सांग."

मी सांगितलं. पहिल्या वर्षीची बाई, दुसऱ्या वर्षीची रिकामी जागा, फुलवाला. तीन-चार उत्तरं तयार होती ती कुठे गेली कळलं नाही.

"म्हनजे ती मेली होती."

"हो."

"आनि मी तिला आमसुलं पाठवत होते. तिच्या गुडघ्यासाठी तेल पाठवलं मी. तिच्या नातीसाठी कुंची शिवली." तिचा आवाज चढला नाही. "टेलिफोनातला मानूस तरी खरा होता रे."



आत्या उठली. खोचलेला पदर घट्ट केला आणि पायऱ्या उतरून नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरली. माघातली सकाळ, पाणी गार. मी घाबरून पुढे झालो.

"थांब तिथंच," ती म्हणाली. "मेल्याचं कानावर आलं की आंघोळ करायची असते. उशिरा कळलं म्हनून काय चुकत न्हाय." तिने नाक धरून बुडी मारली. वर आली. "नाव काय तिचं? खरं."

"ठाऊक नाही. मी विचारलंच नव्हतं."

"तू कशाला विचारशील," असं म्हणून ती पुन्हा बुडाली.

मग ओल्या लुगड्याने उन्हात बसली. अंगावरचं पाणी पायरीवरून ओघळत होतं. पदर पिळत तिने निरोप काढले. एकेक, जसे आले होते त्या क्रमाने. तिला सगळे पाठ होते.

"रहाटावर एकटी जात जाऊ नका, पाय घसरेल. हे कोन म्हनालं?"

"मी."

"खोकला अंगावर काढू नका, बोर्लीच्या डॉक्टरला दाखवा."

"मीच."

"पोर लहान असताना तुमी सासर सोडून त्याच्यासाठी माघारी आलात. तसं कुनी करत न्हाय. हे?"

माझे आईवडील पटकीने गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. आत्या आली ती परत गेली नाही. माझं लग्न राहिलं, कारणं सांगण्यासारखी नाहीत. घरात आम्ही दोघंच, आणि दोघांत मिळून दिवसाला दहा-बारा वाक्यं. त्यांतली बरीच बैलाबद्दल.

"मी," मी म्हणालो.

"तुमच्याशिवाय त्याला कोनी न्हाय, हे त्याला कळतं. फक्त बोलत न्हाय."

मी मान हलवली. आत्या तळ्याकडे बघत होती. दोन बदकं आमच्या पायरीपाशी येऊन गेली.

"हे वाक्य मी मंगळागौरीत सगळ्या बायकांना सांगितलंय," ती म्हणाली. "मुंबईची बाई काय बोलते बघा, म्हनून." नारळ घेऊन उठली, तो पाण्यात सोडला, हात जोडले. नारळ डुलत डुलत मध्यापर्यंत गेला. परतीच्या वाटेवर, बोटीत आणि बैलगाडीत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. इतरांशी बोलत होती.

घर

हे लिहू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "लिही. तोंडानं जमत न्हाय ते हातानं जमतं का बघू." एवढं तरी ती बोलली. नाहीतर परतल्यापासून आमच्यात बैलाबद्दलचीच वाक्यं राहिली होती, तीही कमी.

ज्यांना मुंबईला जायचं आहे त्यांनी ट्रामचं पुढचं बाक सोडू नये. सुपारीबाजार सकाळी पाहावा. खानावळीत आपल्या गावाचं नाव ऐकू आलं तर ओ द्यावी. आणि चौपाटीही पाहावी. मी पाहिलेली नाही, पण चांगली असेल.

काल संध्याकाळी वाडीत गेलो. आत्या रहाटावर बैल हाकत होती, गाडगी भरून वर येत होती, पाटात पाणी पडत होतं. मी नेहमीसारखा पाटाची दारं धरायला पुढे जाणार होतो. मग थांबलो.

"आत्या, रहाटावर एकटी येत जाऊ नको. पाय घसरेल."

तिने बैल हाकायचं थांबवलं नाही. "कोन म्हनतं?"

"मी म्हणतो."

"मग जरा मोठ्यानं म्हन," ती म्हणाली. "रहाट वाजतोय."